रत्नाबाईचं वजन

बहारीनमधल्या अदलिया भागातल्या त्या ऑफिसात सर्व्हर स्वयंपाकघरात होता. पूर्वी तो कुणाचा तरी बंगला होता. कंपनीनं भाड्यानं घेतला तेव्हा दिवाणखान्यात टेबलं आली, बेडरूममध्ये साहेब लोक आले आणि घरातली सगळ्यांत गार खोली म्हणून स्वयंपाकघर यंत्रांच्या वाट्याला गेलं. ओटा तसाच होता, नळ तसाच होता, भिंतीवरच्या निळ्या फुलांच्या टाइल्सही तशाच होत्या. त्या ओट्याला टेकून गुरुवारी सकाळी साडेआठ वाजता प्रज्योत खिल्लारे उभा होता आणि पडद्यावरची पाच नावं चौथ्यांदा वाचत होता. सहावं नाव त्याचं असायला हवं होतं. ते नव्हतं.

ही नावं कसली, ते आधी सांगायला हवं. कंपनी छोट्या खाजगी दवाखान्यांसाठी एक प्रोग्राम बनवायची. रोग्याचं वय, वजन, आजार टाकला की औषधाचा डोस किती ते तो सांगायचा. सहा जण मिळून हा एकच प्रोग्राम लिहीत आणि सगळ्यांचं लिखाण एका सामायिक सर्व्हरवर जमा होई. हा सर्व्हर मोठा चोख. कुणी, कोणत्या दिवशी, कोणती ओळ घातली किंवा काढली, याची नावानिशी नोंद ठेवायचा. वाचायची मुभा सहाही जणांना होती. लिहायची मुभा पाचांना. लिहिण्याच्या या मुभेला ऑफिसात राइट ॲक्सेस म्हणत, आणि तो ज्याला नाही तो सहावा म्हणजे प्रज्योत.

म्हणजे प्रज्योत लिहीत नव्हता असं नाही. तोच सगळ्यांत जास्त लिहीत होता! पण त्याच्या लिखाणाची वाट वेगळी होती. रोज संध्याकाळी पाच वाजता तो आपलं काम एका काळ्या पेन ड्राइव्हवर घ्यायचा आणि दामले सरांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. जयप्रकाश दामले हे पुण्याचे, ऑफिसातले मुख्य इंजिनीअर. ते चष्मा कपाळावर सरकवून त्याचं काम वाचायचे, कुठं स्वल्पविराम हलवायचे, आणि मग आपल्या नावानं सर्व्हरवर चढवायचे. चढवून झालं की पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून, अगदी कोरा करून, त्याला परत. "एकाच हातानं गेलं की गोंधळ होत नाही बघ," असं ते पहिल्या आठवड्यात म्हणाले होते. प्रज्योत तेव्हा नवा होता. हिंगोलीकडच्या पोराला बहारीनमध्ये नोकरी लागलेली, त्याला ते पटलं. पाच वर्षं झाली तरी हात एकच राहिला.

आता या सगळ्याचा हिशेब निघायची वेळ आली होती. कंपनीला नवा मालक मिळाला होता आणि त्यानं दोन आठवड्यांपूर्वी आतिकाला पाठवलं होतं. आतिका इथलीच, बहारीनची. चाळिशीची बाई, बोलणं थोडं, नजर बारीक. तिनं आल्या आल्या फर्मान काढलं: जुना सर्व्हर बंद, नवा सुरू. नव्यावर जो काही लिहील, ते चढण्याआधी यंत्र सगळ्या चाचण्या चालवून बघेल. एक जरी चुकली तरी लिखाण परत. आणि गुरुवारी दुपारी दोन वाजता मालकाच्या ऑफिसातलं यंत्र आपणहून एक यादी काढून त्याच्यापुढं ठेवेल. गेल्या दोन वर्षांत जुन्या-नव्या सर्व्हरवर ज्यांच्या नावावर एक तरी नोंद असेल, त्यांचे व्हिसा पुढं चालू राहतील. बाकीच्यांची कंपनीला गरज नाही.

प्रज्योतचा व्हिसा संपायला एकोणीस दिवस होते.

आणि थट्टा बघा नशिबाची. नव्या सर्व्हरवर कुणाला लिहू द्यायचं ती व्यवस्था लावायचं काम दिलं होतं कुणाला? प्रज्योतलाच. व्हिसावर त्याचा हुद्दा टेक्निकल असिस्टंट, त्यामुळे वायरी, पेट्या, कुलपं-किल्ल्या सगळं त्याच्याकडे. पाचही जणांनी आपापल्या चाव्या त्याला मेलवर धाडल्या होत्या. चावी म्हणजे अक्षरांची एक लांबच लांब ओळ. तिचा एक भाग माणसानं आपल्याजवळ जपायचा, दुसरा सर्व्हरला द्यायचा, की सर्व्हर त्या माणसाला ओळखतो. प्रज्योतनं पाच ओळी एकाखाली एक नीट बसवल्या होत्या. पाच जणांसाठी दारं उघडून तो स्वतः उंबऱ्याबाहेर उभा होता.

नऊ वाजता दामले सर आले तसा तो त्यांच्या खोलीत गेला.

"सर, दोन वाजता यादी जाणार. माझं नाव नाही त्यात."

"हो, बघितलं मी." दामल्यांनी लॅपटॉप उघडला. "बोलतो मी आतिकाशी. पुढच्या आठवड्यात निवांत बोलतो."

"पुढच्या आठवड्यात यादी गेलेली असेल सर."

दामल्यांनी उठून दार लोटून घेतलं. "प्रज्योत, माझं वय माहितीये तुला? सत्तावन्न. पहिल्याच दिवशी तिनं मला काय विचारलं सांगू? तुम्ही स्वतः अजून लिहिता का, की नुसतंच बघता? मी म्हटलं, नोंदी बघा. सहाशे त्रेचाळीस नोंदी आहेत दोन वर्षांत माझ्या नावावर. आता तिला जाऊन सांगू की यातल्या तुझ्या आहेत? मग माझ्याकडे उरलं काय?"

हे त्यांनी इतक्या हळू, इतक्या खरेपणानं सांगितलं की प्रज्योतला क्षणभर त्यांचीच दया आली. पुढच्या क्षणाला त्या दयेचा राग आला. माणूस निर्लज्जपणे बोलला असता तर भांडता आलं असतं. या माणसाशी भांडायचं कसं? यांनीच त्याला हे काम शिकवलं होतं. त्याची बायको अक्षता सलमानियाच्या इस्पितळात बाळंत झाली तेव्हा दामल्यांच्या घरून दहा दिवस डबा आला होता. आणि याच माणसानं पहिल्या दिवशी विचारलं होतं, "आडनाव काय म्हणालास?" खिल्लारे, म्हटल्यावर म्हणाले होते, "अच्छा." नुसतं अच्छा. त्या एका शब्दाचा अर्थ प्रज्योत पाच वर्षं लावत होता. कधी वाटायचं, काही नाही, सहज म्हणाले असतील. कधी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवताना वाटायचं, त्या पाचांतल्या सुजीतला राइट ॲक्सेस महिन्याभरात मिळाला, मला का नाही? विचारायची सोय नव्हती. विचारलं तर ते म्हणणार, छे, तुझ्या मनात तरी कसं आलं! आणि आपलंच तोंड उतरणार.

"मी दुसरीकडे शब्द टाकतो तुझ्यासाठी," दामले म्हणाले. "मनापासून सांगतोय."

"एकोणीस दिवसांत, सर?"

त्यावर दामल्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ते पडद्याकडे बघायला लागले. प्रज्योत बाहेर आला.

साडेअकराला अक्षताचा फोन आला. ती अरादच्या फ्लॅटमध्ये होती, आणि तिला सकाळपासून काही सुचत नव्हतं हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

"आवो, काय झालं? बोलले का सर?"

"बोलले. नाही म्हणाले."

"आता?"

"आता काय. बघायलोय."

"काय बघायलाव? सर्व्हर तुमच्याच हातात हाय ना? मग घाला की तुमचं नाव. चोरी थोडीच हाय, तुमचंच तर हाय सगळं."

मागून लेकीचा आवाज आला, "बाबा, आर वी मूव्हिंग?" तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र शाळेतल्या भाषेत. अक्षतानं तिला गप्प केलं. मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "रत्नाआत्याचा व्हिडिओ कॉल आला होता सकाळी. हात हलवला, तुमाला विचारत होती खुणेनं. म्या बी खुणेनंच सांगितलं, हापिसात गेलेत, बरं हाय सगळं."

रत्नाआत्या म्हणजे त्याच्या बापाची बहीण, रत्नाबाई. प्रज्योतची आई तो चार वर्षांचा असताना गेली, तेव्हापासून आत्यानंच त्याला वाढवलं. आता तिला अजिबात ऐकू येत नव्हतं. ती नुसती पडद्याजवळ तोंड आणून बघायची आणि हात हलवायची.

फोन ठेवून प्रज्योतनं स्वयंपाकघराचं दार आतून लावलं. लॅपटॉप उघडून त्यानं स्वतःसाठी चावी तयार केली. मिनिटाचंही काम नाही. ती त्यानं काळ्या पेन ड्राइव्हवर ठेवली, मग सर्व्हरवरची ती फाइल उघडली. पाच ओळी. सहावी चिकटवायची, एक फुटकळ दुरुस्ती चढवायची, की दोनच्या यादीत नाव. कुणी बघणार नव्हतं. त्यानं ओळ चिकटवलीसुद्धा.

चिकटवली, आणि खालचा रकाना त्याच्या डोळ्यांसमोर आला. ॲक्सेस देणाऱ्याचं नाव. सर्व्हर तेही लिहून ठेवायचा. ॲक्सेस कुणाला: प्रज्योत खिल्लारे. कुणी दिला: प्रज्योत खिल्लारे.

उद्या कुणीही हे वाचेल आणि म्हणेल, किल्ल्या सांभाळायला दिल्या तर यानं स्वतःलाच आत घेतलं. सगळं काम माझंच होतं, हे मग गळा फोडून सांगितलं तरी कोण ऐकणार? पाच वर्षं प्रामाणिकपणे केलेलं काम एका चोरट्या ओळीनं चोरीचं ठरेल. आणि 'यांचं असंच असतं' म्हणायला टपलेली माणसं जगात कमी नाहीत. लहानपणापासून त्यानं ती बघितली होती. त्याला अक्षताचा, लेकीचा, एकोणीस दिवसांचा विचार आला आणि रडू यायच्या बेतात आलं. त्यानं ओळ पुसली. पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकला. नळ उघडून तोंडावर पाणी मारलं. उन्हाळ्यात तिथलं नळाचं पाणी गरमच येतं, तेवढ्यानं काही बरं वाटलं नाही.

सव्वा वाजता सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं. आतिका टेबलाच्या टोकाला, भिंतीवर मोठा पडदा, दामले लॅपटॉप घेऊन मध्ये. प्रज्योत दाराजवळच्या खुर्चीत. सर्व्हर बिघडलाच तर हाताशी असावा म्हणून त्याला बोलावलेलं. दामल्यांनी गेल्या आठवड्यात सगळा प्रोग्राम झाडून-पुसून नीट केला होता, जुन्या निरुपयोगी ओळी काढल्या होत्या. तो स्वच्छ प्रोग्राम आता नव्या सर्व्हरवर चढवायचा आणि रविवारी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, दवाखान्यांत पाठवायचा असं ठरलं होतं.

"यल्ला, चला," आतिका म्हणाली.

दामल्यांनी बटण दाबलं. यंत्र चाचण्या चालवू लागलं. दोनशे बारा चाचण्या, म्हणजे दोनशे बारा खोटे रोगी. प्रत्येकाचं वय, वजन, आजार, आणि त्याला किती डोस मिळायला हवा याचं उत्तर. प्रोग्रामनं तेच उत्तर दिलं पाहिजे. हे कंटाळवाणं काम अर्थातच प्रज्योतच्या गळ्यात पडलं होतं, आणि इतकी नावं आणायची कुठून म्हणून त्यानं आपल्या वस्तीतली माणसं घातली होती. मूतखड्याचे केशवराव, साखरेच्या सुमनबाई. दामल्यांनी ती कधी नीट वाचली नव्हती. खोटे रोगी कोण वाचतं?

पडद्यावर हिरव्या खुणा एकाखाली एक उमटत गेल्या. दोनशे, दोनशे पाच. आणि मग एक लाल. लिखाण परत आलं.

आतिकानं पुढं वाकून वाचलं. "रत्नाबाई. स्त्री, वय अठ्ठावन्न, वजन एकतीस. टीबीचं इंजेक्शन. डोस हवा चारशे पासष्ट, प्रोग्राम देतोय एक हजार. हे काय आहे?"

प्रज्योत खुर्चीत सावरून बसला.

दामल्यांनी पडद्याकडे बघितलं आणि सुटकेचं हसले. "चाचणीतच चूक आहे. टायपिंग मिस्टेक. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईचं वजन एकतीस किलो कसं असेल? एकसष्ट असणार. मोठ्या माणसाला पूर्ण डोस, बरोबरच आहे." आणि बोलता बोलता त्यांनी ३१चं ६१ केलं, ४६५च्या जागी १००० घातले. "लगेच हिरवं होईल."

भिंतीवरचं घड्याळ एक सदतीस दाखवत होतं.

प्रज्योतला सगळं लख्ख कळलं. चाळीस किलोच्या आतल्या मोठ्या माणसांसाठी त्यानं चार वर्षांपूर्वी अकरा ओळी लिहिल्या होत्या. पेन ड्राइव्हवरून, दामल्यांच्या नावानं, त्या सर्व्हरवर गेल्या होत्या. झाडलोट करताना दामल्यांना त्या निरुपयोगी वाटल्या असणार. चाळीसच्या आतलं मोठं माणूस त्यांनी कधी बघितलेलंच नाही, तर त्यांना दुसरं काय वाटणार? त्यांनी त्या काढून टाकल्या. आता चाचणीही बदलली, की सगळं हिरवंगार. रविवारी तो प्रोग्राम दवाखान्यांत जाईल. मग कुठल्या तरी दवाखान्यात कुणी तरी हाडांचा सापळा झालेली बाई येईल, आणि यंत्र सांगेल, हजार द्या.

गप्प बसावं, असं त्याच्या मनात आलं. खोटं कशाला सांगा, खरंच आलं. होऊ दे यांच्या नावावर हेही. सहाशे चव्वेचाळिसावी नोंद. वर्षभरानं कुठं तरी घोटाळा होईल तेव्हा नोंद बघतील आणि यांनाच धरतील. आपण तेव्हा हिंगोलीत असू. हा विचार इतका गोड लागला की त्याची त्याला भीती वाटली.

दामल्यांचं बोट बटणावर गेलं.

"सर, थांबा," प्रज्योत मराठीत म्हणाला. आवाज त्याला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. "वजन बरोबर आहे."

दामल्यांनी वळून न बघता मराठीतच उत्तर दिलं, "प्रज्योत, आत्ता नको. प्लीज. मी बघतो नंतर."

"नंतर नाही सर. तिचं वजन एकतीसच आहे."

"काय म्हणतोय तो?" आतिकानं इंग्रजीत विचारलं.

"काही नाही. सर्व्हरचं काही तरी..."

"वजन बरोबर आहे, मॅडम," प्रज्योत इंग्रजीत म्हणाला आणि उभा राहिला. "चाचणी बरोबर आहे. प्रोग्राम चुकलाय."

सुजीत टेबलाकडे बघत बसला. आतिकानं प्रज्योतकडे बघितलं, मग आपल्या लॅपटॉपवर काही तरी शोधलं आणि दामल्यांकडे वळली.

"ही चाचणी चार वर्षांपूर्वी तुम्ही लिहिली आहे. तुमचं नाव आहे. तेव्हा तुम्हीच सांगा. एकतीस, की एकसष्ट?"

दामले पडद्यावरची ती ओळ पुन्हा वाचू लागले.

"रत्नाबाई कोण आहे?" आतिकानं विचारलं.

साधा प्रश्न. त्यावर दामले काहीही ठोकून देऊ शकले असते. खोटं नाव आहे, सुचलं ते घातलं, म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. प्रज्योत त्यांच्या मानेकडे बघत होता. मानेवरचा घाम कॉलरपर्यंत उतरला होता. एक एक्केचाळीस.

"मला माहीत नाही," दामले म्हणाले.

मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला माहीत नाही, कारण ते मी लिहिलेलं नाही. त्यानं लिहिलंय."

आतिकानं हातातलं पेन खाली ठेवलं. "मग तू सांग."

प्रज्योतनं सांगितलं. सांगताना इंग्रजी अडखळलं, पण थांबला नाही. रत्नाबाई माझी आत्या. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. टीबी झाला तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती आणि एकतीस किलो भरली, मीच तिला काट्यावर उभं केलं होतं. डॉक्टरनं वय बघितलं, मोठं माणूस म्हणून पूर्ण डोस लिहिला. दोन महिने इंजेक्शनं घेतली. टीबी बरा झाला. कान गेले. आता मी फोन केला तर ती नुसती हात हलवते. इथं नोकरी लागली आणि डोसाचा हाच हिशेब माझ्या हातात आला, तेव्हा पहिल्या वर्षातच मी त्या अकरा ओळी लिहिल्या आणि चाचणीला तिचं नाव दिलं. एवढंच.

आतिकानं एकच विचारलं, "हा बदललेला प्रोग्राम कुठल्या दवाखान्यात गेलाय?"

"नाही," दामले म्हणाले. "रविवारी जाणार होता."

"खलास. नाही जाणार. त्या ओळी आत्ता परत घाला, माझ्यासमोर." तिनं प्रज्योतकडे हात केला. "तू घाल."

प्रज्योतनं आपला लॅपटॉप उघडला. जुन्या सर्व्हरच्या नोंदीतून अकरा ओळी काढल्या, जागच्या जागी बसवल्या, रत्नाबाईच्या चाचणीला कुणाचा हात लागलेला नाही ना ते बघितलं. बटण दाबलं. क्षणात उत्तर आलं आणि ते भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांनी वाचलं: प्रज्योत खिल्लारे यांना लिहिण्याची परवानगी नाही.

"पाच वर्षं झाली ना तुला इथं?" आतिकानं विचारलं. आता तिच्या आवाजात धार होती.

तिनं घड्याळाकडे बघितलं. पावणेदोन वाजून गेले होते. "दोनची यादी मी थांबवू शकत नाही. ती इथून निघत नाही, मालकाच्या ऑफिसातून निघते."

तेव्हा दामले उठले. लॅपटॉप घेऊन ते टेबलाला वळसा घालून प्रज्योतच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. परवानग्यांची फाइल उघडली. मुख्य इंजिनीअर म्हणून त्यांना तो अधिकार होताच, पाच वर्षं होता. "चावी आहे का रे तुझी? की करायची अजून?"

प्रज्योतनं खिशातून काळा पेन ड्राइव्ह काढून त्यांच्यासमोर ठेवला.

रोज पाच वाजता ठेवायचा तसाच. दामल्यांनी तो बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. दोनदा उलटा घालून तिसऱ्यांदा तो त्यांनी लॅपटॉपला लावला. मग त्यांनी सहावी ओळ चिकटवली. खालच्या रकान्यात आपोआप उमटलं: ॲक्सेस कुणी दिला, जयप्रकाश दामले.

एक त्रेपन्न. आता प्रज्योतला बदलाविषयी एक ओळ लिहायची होती. ती इंग्रजीत लिहायची तिथली रीत. त्यानं दोन इंग्रजी शब्द टाइप केले, पुसले, आणि मराठीत लिहिलं. बटण दाबलं.

यंत्र चाचण्या चालवू लागलं. चार मिनिटं लागायची. केशवराव हिरवे. सुमनबाई हिरव्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, सगळे पडद्याकडे. दोनशेवर यंत्र जरा अडखळल्यासारखं झालं आणि प्रज्योतनं दाताखाली ओठ इतका दाबला की रक्ताची चव आली. दोनशे सहा. दोनशे सात, रत्नाबाई, हिरवी. दोनशे बारा.

एक अठ्ठावन्न.

दोन वाजता मालकाच्या ऑफिसातून निघालेली यादी आतिकाच्या मेलमध्येही आली. तिनं ती पडद्यावर घेतली. सहा नावं होती. सगळ्यांत वर जयप्रकाश दामले, सहाशे त्रेचाळीस. सगळ्यांत खाली प्रज्योत खिल्लारे, एक.

"काय लिहिलंस तू? मला वाचता येत नाही," आतिका म्हणाली.

"रत्नाबाईचं वजन एकतीसच आहे, असं लिहिलंय."

तिनं मान हलवली. मग दामल्यांकडे वळून तिनं वरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "आणि या सहाशे त्रेचाळीसपैकी?"

दामल्यांनी प्रज्योतकडे बघितलं. मराठीत, हळूच विचारलं, "किती असतील रे?"

प्रज्योतला नेमका आकडा पाठ होता. दोन वर्षांचाच नव्हे, पाचही वर्षांचा, रोजचा पाठ होता. तो ओठांवर आलासुद्धा. पण हे आपण नव्हे, त्यांच्या तोंडूनच यायला हवं, असं त्याला आतून वाटलं. "तुम्ही सांगा, सर," तो म्हणाला.

दामले आतिकाकडे बघून म्हणाले, "बहुतेक सगळ्या."

आतिकानं लॅपटॉप मिटला. "रविवारी आठ वाजता तुम्ही दोघं माझ्या खोलीत या. एकेक नोंद बघू," एवढं म्हणून ती निघून गेली. रविवारी दामल्यांचं काय होणार, हे त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं. दामल्यांनाही नव्हतं. बाकीचे खुर्च्या सरकवत उठले.

दोघंच उरले. दामल्यांच्या लॅपटॉपला पेन ड्राइव्ह अजून लागलेला होता. पाच वर्षांच्या सवयीनं त्यांचा हात फॉरमॅटवर गेला. पडद्यावर प्रश्न आला, सगळं पुसून टाकायचं का? दामले त्या प्रश्नाकडे बघत राहिले. मग त्यांनी 'नाही' दाबलं, पेन ड्राइव्ह काढला आणि होता तसा प्रज्योतच्या हातात दिला.